काळ्या दगडाची चादर

नागमणी येमूलने ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली ती सात रस्त्याच्या सिग्नलला, कामावर जाताना. चौकातल्या मोठ्या पडद्यावर एक स्कूटर भडकलेली होती. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी पुढे आली, जेवणाच्या डब्याएवढ्या पिशवीतून तिने करडी चादर काढली, झटकली आणि स्कूटरवर टाकली. ज्वाळा गडप झाल्या. मुलगी हसली. खाली अक्षरं उमटली : ‘निवांत चादर. स्वयंपाकघर असो की पार्किंग, एकच चादर पुरे. प्रमाणित.’ त्याखाली बारीक टाइपात प्रमाणपत्राचा क्रमांक.

सिग्नल सुटला तरी नागमणी हलली नाही. मागच्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा कुठे ती भानावर आली. क्रमांक तिच्याच केंद्राचा होता, आणि चादर तिच्या सख्ख्या भावाची.

घराघरात बॅटऱ्या येऊन तेव्हा आठ-दहा वर्षं झाली होती. पेट्रोलची स्कूटर रस्त्यात दिसली तर पोरं वळून पाहत. छपरावरच्या उन्हाची वीज साठवणाऱ्या पेट्या सोलापुरात जिन्याजिन्याखाली बसल्या होत्या. त्यातली एखादी कधीतरी पेटायची, आणि पेटली की भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर कामाला येत नसे. तो नऊ-दहा किलोचा. म्हाताऱ्या माणसाला खुंटीवरून उतरवता येत नसे. पिन उपसायची, नळी धरायची, मूठ दाबायची हे घाबरलेल्या माणसाला सुचत नसे. दाबाचा काटा लाल पट्ट्यात कधी उतरला हे कुणी पाहिलेलं नसे. लोकांना काहीतरी हलकं, हातात मावणारं हवं होतं. बाजाराने ते पुरवलं : टॉर्चएवढ्या कांड्या, मुठीत बसणारे फवारे, भिंतीला चिकटवायचे गोळे. प्रत्येकावर कुठला ना कुठला शिक्का होताच. कोणता शिक्का कशाचा, हे जाणणारी माणसं मात्र थोडी. नागमणी त्यांतली एक. होटगी रस्त्यावरच्या अग्निचाचणी केंद्रात ती बावीस वर्षं लोकांच्या वस्तू जाळून पाहत होती.

तिचा भाऊ गोवर्धन तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. नागमणीने त्याला शिकवलं, रसायनशास्त्राची पदवी घ्यायला लावली. लग्नाचा विचार तिच्या मनात आला नाही की आलेला तिने बाजूला ठेवला, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. पदवी घेऊन गोवर्धन परत वडिलांच्या यंत्रमागांकडेच वळला. अक्कलकोट रस्त्यावरच्या त्यांच्या शेडमध्ये चोवीस माग होते, त्यांतले आठच चालत. टॉवेल आणि चादरी आता बाहेरून स्वस्त येत होत्या.

तिथेच गोवर्धनला तो धागा सुचला. दख्खनभर पसरलेला काळा दगड, बेसाल्ट, भट्टीत वितळवला की त्याची रेशमासारखी बारीक तार ओढता येते. ती जळत नाही. या तारांचा पोकळ धागा करून गोवर्धनने त्याच्या पोटात एका खनिजाची पूड भरली. हे खनिज हाताला ठणठणीत कोरडं लागतं, पण त्याच्या कणाकणात पाणी बांधलेलं असतं. दोनशे अंशांच्या पुढे तापलं की ते पाणी सोडतं, आणि सोडताना भोवतालची उष्णता शोषून घेतं. पुडीत त्याने अभ्रकाच्या जातीचं आणखी एक खनिज मिसळलं. ते तापलं की लाहीसारखं फुलतं आणि विणकामातली भोकं बुजवून टाकतं. म्हणजे चादर आगीवर पडली की स्वतःच पाणी सोडणार, स्वतःच घट्ट होणार आणि आगीची हवा तोडणार. वजन सव्वा किलो. पिन नाही, काटा नाही, दाब नाही.

चादर केंद्रात चाचणीला आली त्या दिवशी नागमणीने केंद्रप्रमुख डॉ. फिरदौस इनामदार यांना लेखी कळवलं, ‘निर्माता माझा भाऊ आहे. या कामात मला घेऊ नये.’ चाचणी दुसऱ्यांनी घेतली. तीन लिटर उकळतं तेल पेटवलेल्या कढईवर चादर टाकली, ती पास झाली. ‘वर्ग एफ, स्वयंपाकाच्या तेलाची आग’ असं प्रमाणपत्र मिळालं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पडद्यावरच्या स्कूटरबद्दल मात्र त्यात एक अक्षर नव्हतं.

संध्याकाळी ती थेट कारखान्यावर गेली. चोवीसच्या चोवीस माग चालू होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं. दोन्ही भिंतींशी बसून बाया चादरींच्या कडा शिवत होत्या. गोवर्धन तिला पाहून खुलला आणि हाताला धरून ऑफिसात घेऊन गेला.

“अक्का, बघितलीस का जाहिरात?”

“बघितली. स्कूटर कुणी घालायला सांगितली त्यात?”

“लोक विचारतात तेच. तेलाच्या कढईचं कोण विचारतंय आता?”

“प्रमाणपत्र कढईचं आहे.”

“आम्ही स्कूटरवरपण टाकून बघितली की. मागच्या अंगणात, तीनदा. तिन्ही वेळा विझली.”

“बॅटरी किती भरलेली होती?”

“जुनी होती. निम्मी असेल.”

“आणि अंगण उघडं.” नागमणी खुर्चीत बसली. “गोवर्धन, ऐक. तेल जळायला बाहेरची हवा लागते. ती तोडली की तेल विझतं. बॅटरीचं तसं नाही. एक सेल तापला की आतल्या आत बिघडतो, स्वतःच उष्णता करतो, प्राणवायूपण थोडा स्वतःच सोडतो. मग शेजारचा सेल तापतो. वरून झाकलंस म्हणून ते थांबत नाही. आणि त्यातून वायू निघतो, हायड्रोजनपण असतो त्यात. पूर्ण भरलेल्या बॅटरीतून किती निघतो हे तू बघितलेलंच नाहीस.”

“मग तू बघ. तुझंच केंद्र आहे.”

“मला बघता येत नाही, तुला माहीत आहे. तू अर्ज कर. बॅटरीच्या आगीला आता वेगळा वर्ग आहे, एल. त्या चाचणीला चादर पाठव. तोवर जाहिरात उतरव.”

गोवर्धनने काचेतून मागांकडे पाहिलं. “अकराशे इमारतींच्या पार्किंगसाठी मागणी आलीय. आता जाहिरात उतरवली तर सगळे म्हणतील, काहीतरी काळंबेरं आहे. या बाया परत विड्या वळायला जातील, अक्का.”

“नाही उतरवलीस तर मला लिहावं लागेल.”

“माझ्याविरुद्ध?”

“जाहिरातीविरुद्ध.”

“ते एकच झालं,” गोवर्धन म्हणाला. तो रागावला नव्हता, त्याचा विश्वास बसत नव्हता. “लिही मग.”

तिने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी एक पानी तक्रार डॉ. इनामदारांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

“तुमच्या लक्षात आहे ना, तुमचं नाव यात राहणार?”

“हो मॅडम.”

“निनावी तक्रारही घेतो आपण.”

“निनावी दिली तर उद्या कुणी म्हणेल, बहिणीला माहीत होतं आणि ती गप्प बसली.”

केंद्राने प्रमाणपत्राचा जाहिरातीतला वापर थांबवला आणि निर्मात्याला एल वर्गाच्या चाचणीला बोलावलं. नारळी पौर्णिमेला विणकरांच्या मार्कंडेय ऋषींचा रथ निघाला. दरवर्षी नागमणी भावाच्या घरी जाई, राखी बांधी, मग सगळे मिळून रथाला जात. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. तिने राखी आणून ठेवली होती, ती कपाटातच राहिली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गर्दीत गोवर्धनच्या खांद्यावर बसलेली भाची तिला दिसली. हात करावा की करू नये हे ठरेपर्यंत रथ पुढे गेला होता.

भाद्रपदात चाचणी झाली. केंद्राच्या मागे पार्किंगसारखी काँक्रीटची खोली होती : सखल छत, एका बाजूला शटर, दुसऱ्या बाजूला जाड काचेची खिडकी. मधोमध पूर्ण भरलेल्या बॅटरीची स्कूटर. चादर टाकायला यांत्रिक हात होता, आणि तो हात जिथे होता तिथेच माणसाच्या उंचीचा एक पुतळा सुती कपडे घालून उभा केला होता. चादर टाकणारा माणूस तिथे उभा असतो म्हणून.

नागमणीला आत जायची परवानगी नव्हती. ती मागच्या बाकावर बसली. गोवर्धन काचेला नाक लावून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

बॅटरीतून आधी पांढरा धूर आला, मग शिट्टीसारखा आवाज, मग सीटच्या खालून आडव्या ज्वाळा. यांत्रिक हाताने चादर टाकली. वीस सेकंदांत ज्वाळा दिसेनाशा झाल्या. गोवर्धनच्या खांद्यांवरचा ताण उतरला. बरोबरच्या दोघांनी त्याच्याशी हात मिळवले.

तिसाव्या सेकंदाला चादर मधोमध पुरीसारखी फुगली.

चाळिसाव्या सेकंदाला स्फोट झाला. चादर छतावर आदळली, शटर बाहेरच्या बाजूला वाकलं, काचेला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. धूर ओसरला तेव्हा पुतळा तीन हात मागे पडलेला होता. त्याच्या छातीवरचा सदरा उरला नव्हता आणि चेहऱ्याच्या जागी काळं, खडबडीत काहीतरी होतं.

डॉ. इनामदार वहीत वेळा लिहीत होत्या. गोवर्धन बराच वेळ त्या पुतळ्याकडे पाहत राहिला आणि मग जमिनीवरच बसला.

“किती गेल्यात बाहेर?” नागमणीने मागून विचारलं.

“चार हजार दोनशे.”

“पत्ते आहेत?”

“आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून गोवर्धन आणि त्याची माणसं घरोघरी फिरली. ज्याला चादर परत द्यायची त्याची घेतली. ज्याला ठेवायची त्याच्या चादरीवर मोठ्या अक्षरांत पट्टी चिकटवली, ‘फक्त स्वयंपाकघरातल्या तेलाच्या आगीसाठी. वाहनावर टाकू नका.’ काही लोकांनी दार लावून घेतलं, काहींनी मोबाइलवर चित्रण करून ते गावभर पाठवलं. सगळे पत्ते संपायला अडीच महिने लागले. तोवर सोळा माग बंद पडले होते.

चार हजार दोनशेवा पत्ता झाला त्या संध्याकाळी तो नागमणीच्या घरी आला. वहाणा काढून उंबऱ्यातच उभा राहिला.

“तू लिहिलं नसतंस,” तो म्हणाला, “तर तो पुतळा नसता. माणूस असता.”

“आत ये. जेवलास का?”

जेवताना तो म्हणाला, “वायू बाहेर जायला हवा, हे कळतंय. पण भोकं ठेवली की ज्वाळापण बाहेर येतात. दोन्ही एका चादरीत होत नाही.”

नागमणीच्या हातातला घास हातातच राहिला. “होतं,” ती म्हणाली. “खाणीत पूर्वी दिवे नेत, त्यांच्याभोवती तारेची बारीक जाळी असायची. वायू जाळीतून आरपार जायचा, पण ज्योत जात नसे. भोक पुरेसं बारीक असलं की जाता जाता वायू आपली उष्णता तारेला देऊन टाकतो. पलीकडे पोचतो तेव्हा तो पेटण्याइतका गरम राहिलेला नसतो.” आणि बोलता बोलता ती गप्प झाली. यापुढे एक वाक्यसुद्धा ती केंद्राची माणूस म्हणून बोलू शकत नव्हती.

सकाळी ती डॉ. इनामदारांकडे गेली आणि भावाच्या चादरीवर काम करायचं आहे असं म्हणाली. पुढच्या महिन्यात केंद्रात बॅटरी विभाग वेगळा होणार होता आणि त्याची प्रमुख म्हणून तिचं नाव वर गेलं होतं.

“वस्तू बनवणारी आणि वस्तू तपासणारी, दोन्ही एकाच बाकावर बसत नाहीत,” डॉ. इनामदार म्हणाल्या. “तुम्हाला एक निवडावं लागेल. विभाग थांबणार नाही. तो मी दुसऱ्याला देईन.”

“मला माहीत आहे.”

“आणि चादर परत आली तर मी तुम्हाला सवलत देणार नाही. उलट दोन परीक्षक बाहेरून बोलावीन.”

“तसंच करा मॅडम,” नागमणी म्हणाली. तिने बिनपगारी रजेचा अर्ज पुढे केला. बावीस वर्षांत तिने एवढी मोठी रजा कधी घेतली नव्हती.

कारखान्यात तिच्यासाठी एक टेबल मांडलं. कामाला तिघं : गोवर्धन धाग्याचं बघायचा, नागमणी आगीचं, आणि विणीचं बघायचे महिबूब मास्तर. मास्तर या शेडमधले जॉबर, म्हणजे माग जुळवणारे, दुरुस्त करणारे कारागीर. त्यांनी नागमणीला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. ते कानाने मागाचा आजार ओळखत.

पहिला नमुना साध्या बारीक विणीचा होता. तापला, धागा फुलला, भोकं बुजली, पुन्हा फुगवटा आला. दुसऱ्यात फुलणारं खनिज काढून टाकलं, तर ज्वाळा भोकांतून बाहेर आल्या. मग भोकं एक मिलिमीटरची केली. बाकीच्या वायूंची ज्योत अडली, हायड्रोजनची अडली नाही. त्याची ज्योत सगळ्यांत चिवट, ती अर्ध्या मिलिमीटरहून मोठ्या फटीतून सहज निसटते. अर्ध्या मिलिमीटरखाली गेलं की धाग्यातल्या पुडीनेच भोकं चोंदत. अंगणात दगडी भिंतीआड एकामागून एक नमुने जळत गेले. नागमणी प्रत्येकाची वेळ, तापमान, फुगवटा वहीत मांडायची. नववा नमुना जळाला तेव्हा गोवर्धन म्हणाला, “अक्का, नाही व्हायचं हे.”

महिबूब मास्तर तो जळका तुकडा बोटांनी चाचपत होते. “तुम्ही दोघं चादरीला एकच कापड समजताय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“दूध तापवताना तुझी आई काय करायची, नागू? गच्च झाकण ठेवायची का? जाळीचं ठेवायची. पण जाळी मधे, आणि कड पातेल्याला घट्ट. तुमची चादर कुठेपण फुलते. कडेला फुलू दे, तिथे जमिनीला घट्ट बसायलाच हवी. मधे फुलायचं काम नाही.”

नागमणी उभी राहिली. “आणि मधे एकच जाळी नको, मास्तर. ज्योत सरळ वाटेने निसटते.”

“मग मधमाश्यांच्या पोळ्याची वीण घालतो. टॉवेलला घालायचो पूर्वी, खोल खणांची. दोन पदर घेतो. खालच्या पदराचं भोक वरच्याच्या भिंतीखाली येईल असं. वायूला वळण घेत जावं लागेल.”

वळण म्हणजे जास्त वाट, जास्त वाट म्हणजे जास्त थंड होणं. आणि त्या वाटेवर दगडी धाग्यातून सुटलेली वाफ वायूत मिसळून तो विरळ करणार. नागमणीने हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मास्तरांनी मान डोलावली आणि जॅकार्डच्या पत्तीला, विणीचा नमुना मागाला सांगणाऱ्या पुठ्ठ्याला, स्वतः भोकं पाडायला बसले.

दहाव्यात पदर सुटले. अकराव्यात कडेचं फुलणं कमी पडलं. बारावा नमुना अंगणात स्कूटरवर पडला, ज्वाळा गेल्या, चादर जराशी हलली आणि मधल्या भागातून पांढरी वाफ वर येत राहिली, भाताच्या पातेल्यातून येते तशी, शांतपणे. नागमणीने लांब काठीला पलिता बांधून त्या वाफेत धरला. वर काही भडकलं नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. कडा शिवणाऱ्या बाया दारात येऊन उभ्या होत्या. गोवर्धनने मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

“एकदा झालंय,” नागमणी म्हणाली. “एकदा झालेलं मी केंद्रात कधीच मोजलं नाही.”

त्यांनी ते आणखी चौदा वेळा केलं आणि मगच अर्ज भरला.

चाचणी चैत्राच्या अखेरीस लागली. बाहेर त्रेचाळीस अंश. डॉ. इनामदारांनी सांगितल्याप्रमाणे दोन परीक्षक परगावाहून आणले होते आणि चादरी कारखान्याने निवडून दिलेल्या नाही, विक्रीसाठी बांधून ठेवलेल्या ढिगातून स्वतः उचलल्या होत्या. चांगला निवडक माल दाखवायला आणता येऊ नये म्हणून. तेलाच्या कढईची चाचणी आधीच झाली होती. आता नऊ वेळा जाळायचं : तीनदा भरलेली बॅटरी, तीनदा निम्मी, तीनदा ठेचलेली. नऊंतली एक जरी फसली तरी सगळं रद्द. त्याशिवाय सात साधी माणसं बोलावली होती, चादर कधीच न पाहिलेली. पिशवीवरच्या चार ओळी वाचून त्यांनी न जळणाऱ्या स्कूटरवर ती दहा सेकंदांत नीट टाकून दाखवायची. त्यात एक अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी आधी शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि मग सात सेकंदांत चादर टाकली.

नागमणी, गोवर्धन आणि मास्तर बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसले होते. दर चाचणीनंतर एक शिपाई दाराशी येई, हाताने खूण करी आणि आत जाई. दोन दिवसांत आठ खुणा झाल्या. नववी ठेचलेली बॅटरी. खूण यायला नेहमी पाऊण तास लागे. पाऊण तास झाला. दीड तास झाला. गोवर्धनने पाण्याची बाटली उघडली, प्यायला नाही, परत बंद केली.

अखेर दार उघडलं आणि डॉ. इनामदार स्वतः बाहेर आल्या.

“परीक्षकांनी मध्येच बॅटरीत आणखी एक खिळा ठोकला,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम. नियमात बसतं. म्हणून वेळ लागला.” त्यांनी कागद पुढे केला. “चोवीस तास लक्ष ठेवायचं बाकी आहे, ते उद्या होईल. पण पुतळ्याच्या सदऱ्याला डागसुद्धा पडलेला नाही, एवढं मी आज सांगू शकते.”

गोवर्धनने कागद घेतला नाही. त्याने नागमणीकडे बोट दाखवलं. “अक्काला द्या.”

तिसऱ्या दिवशी दुपारी शेडमधले सगळे माग थांबवले. एवढी शांतता तिथे कुणी ऐकली नव्हती. नागमणीने स्टुलावर उभं राहून प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं. वर्ग एल, दुचाकीपर्यंतची बॅटरी. वर्ग एफ, तीन लिटरपर्यंत तेल. हवा खेळती असलेल्या जागेतच. चारचाकीसाठी नाही. चादर टाकून लगेच बाहेर पडा, धूर विषारी असतो. एकदाच वापरण्याजोगी. चाचणी केंद्र, तारीख, मुदत पाच वर्षं. कशासाठी नाही, ते वाचताना तिचा आवाज जास्त चढला होता, हे नंतर मास्तरांनी तिला सांगितलं. वाचून संपलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या आपापल्या जागी गेल्या, आणि मास्तरांनी एकामागून एक चोवीस माग चालू केले.

रजा संपली तेव्हा केंद्रात बॅटरी विभाग दुसऱ्याच्या हाती होता. नागमणीने तक्रार केली नाही. तिने राजीनामा दिला आणि शेडमधल्या टेबलाशी कायमची बसली. आता कारखान्यातून जाणाऱ्या दर शंभर चादरींतली एक ती अंगणात जाळे. एकदा कडेची शिवण ढिली निघाली म्हणून तिने नऊशे चादरी थांबवल्या. गोवर्धनने त्या स्वतः परत शिवायला दिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरहून एक बाई आली. नाव सत्यभामा ढगे, वय पन्नाशीचं, एका वसतिगृहाच्या पार्किंगवर पहारा करायची नोकरी. खाकी साडी, खांद्याला मोठी पिशवी. तिने पिशवीतून कडक झालेली, मधे राखाडी पडलेली चादर काढून टेबलावर ठेवली.

“ही वापरली,” ती म्हणाली. “गेल्या मंगळवारी. दुपारचे बारा. एकतीस गाड्या एकीला एक खेटून होत्या आणि वरती पोरी अभ्यास करत होत्या, शंभरेक. मधल्या एका गाडीतून शिट्टी ऐकू आली. मी काढली, टाकली, शटर वर सारलं आणि पोरींना मागच्या जिन्याने उतरवलं. अग्निशमनवाले आले तोवर तीस गाड्या उभ्या होत्या तशाच.”

माग चालू होते, तरी कडा शिवणाऱ्या दोघी-तिघी तिच्या ओठांकडे बघत उठून जवळ आल्या. एकीने ती जळकी चादर उलटून शिवण पाहिली. “माझी आहे,” ती हळूच म्हणाली. “हा टाका माझा आहे.” सत्यभामाबाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“तुम्हाला काही झालं नाही ना?” नागमणीने विचारलं.

“बांगडी फुटली एक. पळताना.” बाईंनी खुर्ची ओढून घेतली. “आता मला नवीन द्या. खुंटी रिकामी ठेवून चालत नाही.”

गोवर्धन स्वतः धावत जाऊन नवी पिशवी घेऊन आला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. “पैसे नकोत मावशी. घेऊन जा.”

सत्यभामाबाईंनी पिशवी घेतली, पण खांद्याच्या पिशवीत टाकली नाही. चष्मा लावला, पिशवी उजेडात धरली, क्रमांक शोधला आणि मोबाइल काढून तो एकेक आकडा दाबत केंद्राच्या यादीत घातला. सगळे थांबून राहिले. बाई पुटपुटत वाचत होत्या : वर्ग, तारीख, मुदत, कशासाठी नाही. एका ठिकाणी त्या अडल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हां,” त्या अखेर म्हणाल्या आणि चादर पिशवीत ठेवली. “ही बरोबर आहे.”